सकाळी लावलं, संध्याकाळी वाढलं

शिजले! काळे वाटाणे शिजले! अख्खेच्या अख्खे, साल जागच्या जागी, आणि दोन बोटांत धरून नुसतं दाबलं की आतला गर मऊ, पिठूळ, कुठे कणी म्हणून नाही. ज्यांच्या घरी काळे वाटाणे होत नाहीत त्यांना या आरोळीचं कारण कळायचं नाही, पण सिंधुदुर्गातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात विचारून बघा. रात्रभर भिजवा, सकाळी कुकरला लावा, सहा शिट्ट्या काढा, आठ काढा, झाकण उघडलं की निम्मे टणक आणि निम्मे फुटून त्यांचा लगदा. माझं सासर कुडाळचं. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं यावर घरातल्या सगळ्यांचा जीव, आणि इथे शिकागोजवळ शॉम्बर्गला नोकरी, शाळा, बर्फ असं सगळं सांभाळून ते आठवड्याच्या मधल्या वारी करायचं म्हणजे त्याचा विचारच करायला नको. आणि परवा मंगळवारी, ऐका हं, मंगळवारी, मी दिवसभर ऑफिसात, नवरा मेट्राच्या लोकल गाडीत, मुलं शाळेत, घरात चिटपाखरू नाही, आणि ओट्यावर वाटाणे आपले आपण शिजत होते!

हे सगळं स्लो कुकरचं काम. आमच्या शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे ॲरिझोनाला राहायला निघाल्या, तेव्हा सामान वाटून टाकताना त्यांनी हा जड, लंबगोल कुकर माझ्या हातात दिला आणि एवढंच सांगितलं: सकाळी भर, लोवर ठेव, झाकण उघडू नकोस. तेवढ्या बोलण्यात अर्धं शास्त्र आलं आहे, हे आता कळतंय. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिळगूळ देता देता सांगितलं, ऑफिसातल्या तेलुगू मैत्रिणीला लिफ्टमध्ये सांगितलं, पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर काचेच्या झाकणातून आत हळूच उठणारे बुडबुडे दाखवले. आता तुम्ही सापडलात.

यंत्र म्हणावं तर यात जवळजवळ काहीच नाही, आणि तेच मला इतकं आवडलंय! बाहेर पत्र्याचं कवच, त्याच्या भिंतीत फिरवलेली, विजेवर तापणारी तार. आत चिनी मातीचं जाड, झिलई दिलेलं भांडं. वर काचेचं झाकण. पुढे एक खटका, त्यावर लो, हाय आणि वॉर्म. संपलं. शिट्टी नाही, दाब नाही, रबराची रिंग नाही. आच बुडातून एकदम न येता चहूबाजूंनी, भांड्याच्या जाडीतून मुरत मुरत येते, त्यामुळे खाली लागत नाही आणि मध्येच ढवळायला कुणी घरात असावं लागत नाही. लो आणि हाय यांतला फरक तर मोठा गमतीचा आहे. दोन्ही खटके अन्नाला शेवटी जवळपास एकाच ठिकाणी नेतात, उकळीच्या अगदी अलीकडे. हाय तिथे तीन-चार तासांत पोचवतं, लो सात-आठ तास घेतं. म्हणजे ऑफिसच्या दिवसाला लो आणि घरी असलेल्या दुपारी हाय, इतकं सोपं!

झाकणाचं काम तर बघतच बसावं. वाफ वर जाते, काचेला लागून तिचं पाणी होतं, ते कडेकडेने खाली उतरतं आणि भांड्याच्या काठाशी पाण्याची एक बारीक रेघ धरतं. त्या रेघेनेच झाकण बसतं. म्हणून ते उचलायचं नाही. एकदा उचललं की निघून गेलेली ऊब भरून यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पाणी उडून जात नाही, म्हणून ते घालतानाच हात आखडता ठेवायचा. गॅसवर उसळीला जेवढं पाणी घालाल त्याच्या पाऊणपट घाला, कधीकधी निम्मं पुरतं. आणि वीज? आमच्या भांड्याच्या बुडाशी २४० वॉट लिहिलेलं आहे. आठ तास सलग ओढली तरी दोन युनिटांच्या आत सगळं घर जेवतं.

आणि हा कुकर शिकागोचा आहे! आमच्याच शहराचा! हे कळलं तेव्हा मी आनंदाने नवऱ्याला भर दुपारी फोन केला. अर्विंग नॅक्सन नावाचा विद्युत अभियंता, जन्म १९०२ चा, जर्सी सिटीतला, पुढे शिकागोत स्थायिक झालेला. त्याचं आजोळ लिथुआनियाचं, ज्यू धर्माचं. तिकडे विल्नात, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये, आजीच्या काळी काय चालायचं ते त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो, मग शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल पेटवायची नाही. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवं. म्हणून शुक्रवारी दिवस असतानाच घेवड्याचे दाणे, जव, बटाटे, मांस असं सगळं एका मडक्यात भरायचं आणि ते मडकं गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टीचा जाळ थांबलेला असायचा, पण भिंतींत मुरलेली ऊब रात्रभर पुरायची. या पदार्थाचं नाव चोलेंट. नॅक्सनने ही गोष्ट डोक्यात ठेवली आणि भट्टीची ती ऊब विजेच्या तारेने भांड्याभोवती गुंडाळली. १९३६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९४० च्या जानेवारीत ते मिळालं. पुढे त्याच्या कंपनीने हे भांडं नॅक्सन बीनरी या नावाने विकलं. म्हणजे मुळात ही कडधान्यं शिजवायचीच वस्तू! १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये त्याच भांड्याला नवं रूप देऊन क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं आणि १९७४ मध्ये आतलं भांडं बाहेर काढून घासता येईल असं केलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तो कुकर अमेरिकेत घरोघर का गेला, हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही.

शब्बाथ म्हटलं की मला आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली आठवले. अलिबाग, रेवदंडा भागातले, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे ज्यू. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. विल्नातली ती मडकी आणि आपल्या कोकणातले ते थांबलेले घाणे एकाच नेमाने बांधलेले होते, हे लक्षात आल्यापासून हा कुकर मला परका वाटेनासा झालाय.

परका कसला! माझ्या आईने तर त्याला बघताक्षणी ओळखलं. आई कऱ्हाडला असते. तिला फोनवर सगळं रीतसर दाखवलं, भांडं, झाकण, खटका. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘अगं, हा तर आपला वैल!’’

वैल! ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना हा माहीत असणार. मुख्य चुलीला लागून मातीचाच एक छोटा उंचवटा, वर भांडं बसेल एवढं तोंड. चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिकडे वळतो, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर त्याची धग मवाळ झालेली असते. चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी. चुलीवर भाजी आणि वैलावर दूध, नाहीतर डाळ. वैलावरच्या भांड्याकडे कुणी लक्ष देत नसे. ते आपलं रटरटत बसे. आणि आईने आणखी एक सांगितलं, जे मी लहानपणी शंभरदा पाहिलं होतं: भांड्यावर खोलगट ताटली ठेवायची आणि तिच्यात पाणी ओतायचं. वरचं पाणी गार, खालची वाफ गरम. वाफ ताटलीला लागते, तिचं पाणी होऊन परत भाजीत टपटपतं, भाजी करपत नाही. काचेचं झाकण करतं ते हेच! आजीच्या स्वयंपाकघरात हे दोन्ही उपाय रोजचे होते, आणि घरातून चूल गेली तेव्हा तिच्याबरोबर वैलही गेला. गॅसच्या शेगडीला वैल नसतो. मधल्या काळात कोळशावर चालणारा इकमिक कुकर आला, १९१० च्या सुमारास कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी काढलेला. डब्यावर डबे, खाली निखारे, आणि माणूस कामाला मोकळा. तोही गेला. मग आपण सगळे प्रेशर कुकरवर आलो आणि घड्याळाशी शिट्ट्यांची सांगड घालून जगायला लागलो.

प्रेशर कुकरवर माझा राग मुळीच नाही. साध्या वरणाला, भाताला, बटाट्यांना तोच हवा, पंधरा मिनिटांत काम होतं. पण दाबाखाली आत साधारण १२० अंशांची आच तयार होते, पाणी खळबळतं, दाणे एकमेकांवर आपटतात, साली फुटतात. स्लो कुकरमध्ये उकळीच्या अलीकडे सगळं संथ असतं. दाण्याला हलायचं कारणच पडत नाही. पाणी हळूहळू मधोमध शिरतं आणि साल शाबूत राहून आतून लोणी होतं. छोले, हरभरे, चवळी, काळे वाटाणे, किंबहुना मटकी सोडून सगळी कडधान्यं मी आता यातच करते. मटकीला आणि मोड आलेल्या मुगाला एवढा वेळ दिला तर त्यांचा गाळ होईल, त्यांना कढईच बरी.

आता उसळीचं नीट सांगते, कारण इथे आंबटाची एक गोष्ट कळली की सगळं जमतं. कडधान्य आठ-दहा तास भिजवायचं, भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, गॅसवर ताज्या पाण्यात खळखळून उकळी काढायची आणि मग कुकरच्या भांड्यात. वर बोटाच्या एका पेराएवढं पाणी, मीठ, हळद, हिंग, चमचाभर तेल. एवढंच. चिंच नाही, आमसूल नाही, टोमॅटो नाही, गूळसुद्धा नाही! दाण्याच्या पेशींना जे चिकटवून ठेवतं ते पेक्टिन साध्या गरम पाण्यात सैल होतं, पण आंबट पाण्यात ते धरून बसतं. आठ तास काय, दहा तास ठेवा, दाणा दडदडीतच राहणार. दाणे मऊ झाले की मग चिंच घाला, कोकम घाला, काय हवं ते घाला. आपल्या जुन्या बायका आमटीत चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावरच घालायच्या, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट रंगाची आणि वासाची. पाणी आहे तोवर आत शंभर अंशांच्या वर काही जात नाही, म्हणून कांदा त्यात लाल होणार नाही, खोबरं भाजलं जाणार नाही, मोहरी तडतडणार नाही. हे सगळं बाहेर करायचं. वाटण मी रविवारी करून ठेवते: सुकं खोबरं, उभा चिरलेला कांदा, लसूण, आलं, सगळं खमंग भाजून वाटलं की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये. संध्याकाळी घरी आलं की दोन-तीन वड्या उसळीत टाकायच्या, खटका हायवर, वर मालवणी मसाला, आणि अर्ध्या तासात वाटण मिसळून रस दाटतो. तेवढ्यात भात होतो. शेवटी छोट्या कढल्यात फोडणी. आठ तास मंद शिजलेल्या उसळीवर कढीलिंबाची गरम फोडणी पडली की जो वास सुटतो, त्याला मी काय नाव देऊ! गोडा मसालाही शेवटीच. तो सकाळी घातला तर त्याचा सुगंध दिवसभरात विरून जातो. आणि अख्खी लवंग-दालचिनी सकाळपासून घालणार असाल तर नेहमीच्या निम्मीच घाला, इतक्या वेळात ती फार उतरते.

मटणाबद्दल मी जे काही लिहीन ते कमीच पडेल. डेव्हन अव्हेन्यूवरच्या हलाल दुकानातून बकऱ्याचा खांदा आणि नळी आणते. जिथे जनावर सगळ्यात जास्त चालतं, तिथलं मांस सगळ्यात चिवट, आणि तेच या कुकरला सगळ्यात आवडतं! चिवटपणा येतो तो कोलॅजनमुळे. सत्तर अंशांच्या पुढे, ओलाव्यात, तासन्‌तास राहिलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं, आणि ते रश्श्यात उतरतं. घाईच्या आचेवर मांसाचा धागा आधीच आक्रसून पाणी सोडून देतो, इथे कोलॅजनला वितळायला पुरता वेळ मिळतो. रविवारी सकाळी कढईत तेलावर कांदा-लसूण मसाला आणि वाटण परतते, मटण त्यात चांगलं खालीवर करून घेते, आणि सगळं भांड्यात. तळाला बटाटे. हो, तळाला, कारण बटाटा-गाजर या कुकरमध्ये मांसापेक्षा उशिरा शिजतात आणि कडेची ऊब त्यांना आधी मिळायला हवी. सात तासांनी झाकण उघडलं तर वर लाल तर्री, हाड चमच्याने नुसतं उचललं की मांस सोडून बाहेर, आणि रस्सा असा की भाकरी मोडून बुडवली तर बोटांना चिकटतो. मुलांनी वाटी चाटली. कोंबडीलाही तोच न्याय, पण मांडीचे तुकडे घ्या. छातीचं मांस पाच तासांत कोरडं पडतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, फ्रीझरमधून काढलेलं गोठलेलं मांस तसंच यात टाकू नका. ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि गोठलेला गोळा मंद आचेवर त्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतो. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा, सकाळपर्यंत सुटतं.

त्याहून महत्त्वाचं राजम्याचं. हे वाचून कुणी उत्साहाने उद्याच राजमा लावेल म्हणून ठळक सांगते. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळत्या उकळीनेच नष्ट होतं, आणि स्लो कुकरच्या मंद आचेत ते तसंच राहू शकतं. अर्धकच्चा राजमा पोटात गेला की काही तासांत उलट्या आणि जुलाब. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला स्पष्ट आहे: निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर ३० मिनिटं उकळा. मग खुशाल कुकरमध्ये घाला. वर मी सगळ्याच कडधान्यांना आधी उकळी काढायला सांगितलं ते याच सवयीपायी. राजम्याला मात्र नुसती उकळी पुरत नाही, पूर्ण अर्धा तास द्यायचा.

खीर! खीर राहिलीच होती! कऱ्हाडकडची खपली गव्हाची खीर. माझ्या माहेरी ती करायची म्हणजे दिवसभर एक माणूस कालथा घेऊन उभा. सडलेला खपली गहू रात्रभर भिजवला, मग दुसऱ्या रात्री झोपताना दुप्पट-अडीचपट पाणी घालून लोवर ठेवला आणि आम्ही सगळे झोपलो. बाहेर हिमवादळ चाललं होतं. सकाळी बघते तर एकूण एक गहू फुलून उमललेला! त्यात गूळ, सुंठ, जायफळ, ओलं खोबरं, आणि हायवर तासभर. गूळ गहू शिजल्यावरच, नाहीतर गहू कडक होतात. दूध ज्याच्या त्याच्या वाटीत, खाताना. गुळात गरम दूध घातलं तर फाटतं. आईला फोटो पाठवला तर तिने शेजारणींना दाखवला म्हणे.

दही तर या थंडीत इथल्या प्रत्येक मराठी घराचं दुखणं. घरात हीटर चालू असला तरी ओट्यावर दही लागत नाही. आता भांड्यात दूध ओतते, लोवर दोन-अडीच तासांत ते ८० अंशांच्या वर जातं, मग वीज बंद. मातीचं भांडं ऊब धरून ठेवतं, तीनेक तासांनी बोट सहज बुडवता येईल एवढं कोमट झालं की विरजण. झाकण लावायचं, सगळा कुकर जाड टॉवेलमध्ये गुंडाळायचा आणि सकाळपर्यंत विसरायचं. सकाळी सुरीने कापावं असं दही. बाजारचा डबा आणणं बंद झालं.

काय करू नये तेही सांगते, पण पटकन. भेंडी नाही, तार सुटते. पालेभाजी नाही, मासे नाहीत, त्यांना पाच मिनिटांची आच पुरते. मोकळा भात नाही. मुगाची खिचडी मात्र होते आणि फार सुरेख होते, आजारी माणसाला द्यावी अशी आसट. दूध, साय, नारळाचं दूध, दही हे सगळं शेवटी, नाहीतर फुटतं. भांडं निम्म्याहून जास्त आणि पाऊणहून कमी भरा. फ्रिजमधून काढलेलं गार भांडं तापलेल्या कवचात ठेवू नका, आणि गरम भांड्यावर नळ सोडू नका, तडा जातो.

बाकी ज्यासाठी मी हे एवढं लिहितेय ती गोष्ट जेवणाच्या टेबलाची आहे. डिसेंबरात इथे साडेचारच्या आधी सूर्य मावळतो. कामावरून परत येताना रस्ता काळोखा, हात गोठलेले, मुलं भुकेने कावलेली, आणि त्या वेळी रोज प्रश्न पडायचा की आता काय करू. त्या प्रश्नापायी किती संध्याकाळी आम्ही बाहेरून मागवून, आपापल्या वेळी, उभ्या उभ्या खाल्लं! आता दार उघडलं की आधी आमटीचा वास येतो. बूट काढायच्या आत मुलगी विचारते, आज काय आहे, आणि झाकणातून डोकावते. उत्तर तयार असतं. मला फक्त फोडणी द्यायची असते, भात लावायचा असतो, आणि त्या अर्ध्या तासात मुलगा तिथेच टेबलावर गणितं सोडवतो आणि मी त्याच्याशी बोलू शकते, कारण माझी पाठ शेगडीला आणि तोंड त्याच्याकडे असतं. साडेसहाला आम्ही चौघं ताटावर बसतो. रोज! आठवड्याच्या मधल्या वारी, घरच्या उसळीला, घरच्या आमटीला! परदेशात राहून मुलांच्या जिभेला आपलं जेवण लागावं असं आम्ही सगळेच म्हणतो. ती चव सणावारी लागत नाही, ती रोजच्या साध्या कालवणाने लागते, आणि रोजच्या कालवणाला लागणारा वेळ आमच्याकडे नव्हता. तो या भांड्याने दिला.

सकाळची तयारी म्हणाल तर दहा मिनिटांची. रात्री कडधान्य भिजवायचं, भाज्या चिरून डब्यात. सकाळी चहाच्या आधणाशेजारी एका शेगडीवर कडधान्याला उकळी, दुसरीकडे डबे भरणं, आणि निघताना भांडं भरून खटका लोवर. बऱ्याच नव्या कुकरना घड्याळ असतं, ठरल्या वेळी ते आपोआप वॉर्मवर जातं. आमच्या आजींच्या कुकरला ते नाही, तरी उसळीला तासाभराने काही बिघडत नाही. नवा घ्यायचा तर इथे साधा कुकर पन्नास डॉलरच्या आत मिळतो, चौघांच्या घराला पाच-सहा क्वार्टचा पुरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेतून कुणी आणून देतो म्हणालं तरी घेऊ नका. इथले कुकर १२० व्होल्टचे असतात आणि आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. लावला की जळेल. २३० व्होल्टचे स्लो कुकर भारतात विकत मिळतात, तेच घ्या. आणि वीज जाण्याचा नेम नसेल तर सावध राहा. तुम्ही घरात नसताना वीज गेली होती आणि किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर आतलं अन्न शिजलेलं दिसलं तरी खाऊ नका, टाकून द्या. म्हणून पहिल्यांदा सुटीच्या दिवशी लावा, घरात राहा, तुमच्या भांड्याला कशाला किती वेळ लागतो ते बघून ठेवा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी भरा, खटका लोवर करा आणि बिनघोर कामाला जा.